पत्र्यावरचे दगड

म्हाळूमामा म्हणजे माझे सासरे. आख्खी उमर मेंढरांमागे गेली. शेवटची मेंढरं विकून भांडगावात घर केलं, तरी ते निजायचे अंगणातच, घोंगडीवर. एक वस्तू मात्र त्यांनी विकली नाही, ती वाघर. मेंढरं कोंडायची दोरीची जाळी. ती देवळीशेजारी खुंटीला टांगलेली असायची. दसऱ्याला खंडोबाच्या टाकाबरोबर मी तिलाही हळदकुंकू लावायची. "घरात लक्ष्मी होती ती हिच्यामुळं," एवढंच मामा म्हणायचे.

त्र्याण्णव साली गणपती बुडवले त्याच पहाटे किल्लारीकडं भूकंप झाला. दिवाळीच्या तोंडावर तिकडची पाच बिऱ्हाडं दौंडला गाडीतून उतरली आणि आमच्या गावात आली. शेजारच्या तानुबाईचं माहेर तिकडचं. तिची भावजय गिताबाई भूकंपानंतर उघड्यावरच बाळंत झालेली. पोरगं बावीस दिवसांचं. मोठी दोन लेकरं दगडामातीच्या घराखाली दबून गेली. नवरा पाय मोडून सोलापूरच्या दवाखान्यात.

थंडी पडायला लागली होती. गावानं जुने पत्रे दिले, बांबू दिले. मामांनी चार दिवसांत गायरानात पाच छपरं उभी केली. सत्तरीचा माणूस, पण बसला म्हणून नाही. आमच्या माळावर वारं असं सुटतं की मोकळा पत्रा दुसऱ्याच्या रानात सापडतो. म्हणून आमच्याकडं कुठल्याही घरावर बघा, दगड असणारच. मामांनीही ओढ्यातले चांगले जड दगड निवडून प्रत्येक पत्र्यावर मांडले.

दिवस मावळला. आत कोणी गेलंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सामान आत, माणसं बाहेर चुलीभोवती. मी दोनदा म्हटलं, "बाई, लेकराला आत घ्या." गिताबाईनं पदर ओढून मान फिरवली.

गावातले शंकरराव सायकल थांबवून मामांना म्हणाले, "आप्पा, पाव्हण्यांना बंगला पायजे वाटतं. आता फरशी बी बसवा!"

 त्या दिवशी मामा घरी येऊन जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी पोराची छाती भरली. तानुबाई आणि मी त्याला दौंडला घेऊन गेलो. डॉक्टरांनी औषध दिलं आणि म्हणाले, "आणखी एक रात्र उघड्यावर काढलीत तर माझ्याकडं आणू नका. उपयोग होणार नाही." परतताना गाडीत मी नुसती येळकोट, येळकोट करत होते. पोराच्या छातीतली घरघर डब्यातल्या सगळ्यांना ऐकू येत होती.

दुपार झाली होती. मामा गायरानात वाट बघत उभे. डॉक्टरांचं ऐकलं आणि त्यांचा तोल गेला.

"का जात न्हाई आत? काय कमी केलं म्या? सांग की!"

गिताबाई वर बघत राहिली. मग म्हणाली, "मामा, वर दगड हायेत."

 मामांनी पाचही छपरांकडं एकेक करून बघितलं. मग खाली बसले, डोक्यावरचं मुंडासं काढलं. "म्या मांडले," म्हणाले. "माझ्या हातानं मांडले."

उठून त्यांनी दगड उतरवायला घेतले. एकेक दगड छातीशी धरून ओढ्यापर्यंत नेऊन टाकला, तिच्या डोळ्यांना दिसू नये म्हणून. मी, तानुबाई, सगळ्याच लागलो. शेवटच्या छपराचा शेवटचा दगड निघतो न निघतो तोच वारं आलं आणि पहिला पत्रा धाडकन उचलला. गिताबाई पोराला पोटाशी धरून किंचाळत पळाली, पार रस्त्यापर्यंत.

दिवस कलायला लागला होता. मामा मला म्हणाले, "वाघर आण. आन् विळा."

"मामा, देवाची हाय ती."

"आण म्हणतो ना, पोरी."

मी खुंटीवरनं काढली. हात लावायला मन धजत नव्हतं, तरी काढली. मामांनी तिचे पाच तुकडे केले.  प्रत्येक छपरावर एक तुकडा पसरला आणि मेंढरांच्या वाड्याला ठोकतात तशा खुंट्या ठोकून चारी बाजूंनी ताणून बांधला. पत्रा हलेना.

तरी गिताबाई येईना. मी तिला हाताला धरून आणली, ती दारातच थिजली. पोराच्या नाकपुड्या फुलत होत्या.

मग जन्मभर अंगणात निजलेले मामा आत गेले आणि पत्र्याखाली घोंगडी टाकून आडवे झाले.

"म्या हितं हाय," म्हणाले. "पडलं तर आधी माझ्यावर पडंल. दे त्याला."

गिताबाईनं खूप वेळानं वाकून पोरगं त्यांच्या कुशीत ठेवलं. मामांनी घोंगडीची अर्धी बाजू त्याच्यावर ओढली. ती स्वतः आत आली नाही. दारात बसली, पाठ बाहेर, एक हात आत, पोराच्या छातीवर.

तो हिवाळा ती तशीच बसून निजली. मी रोज दिवेलागणीला तिच्या पाठीवर गोधडी टाकून यायची. पोरगं खोकत राहिलं, पण जगलं.