झोन फोडणाऱ्या शोभाताई

शोभाताई वानखडे गेल्याची बातमी मला कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मिळाली. तिच्या लगेच वर प्राचार्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या, त्यामुळे घाईत दोघा-तिघांनी हात जोडण्याऐवजी केक चिकटवला. पहाटे, चिखलीतल्या घरी, हृदयविकाराचा झटका. दोन दिवसांनी शोकसभा झाली. मागच्या फ्लेक्सवर 'व्हॉलीबॉलचा आधारवड' असं छापलं होतं. बाईंनी उभा जन्म मुलींना बास्केटबॉल शिकवला. प्राचार्य वीस मिनिटं बोलले, त्यातली पंधरा स्वतःवर. मग मी बोलले. मी राज्यशास्त्र शिकवते, भाषणाची सवय आहे. लोकांना ते इतकं आवडलं की शेवटी टाळ्या पडल्या, आणि आपण कुठे बसलोय हे आठवून विरून गेल्या… जे बोलायला हवं होतं, ते मात्र मी बोलले नाही.

शोभाताईंशी माझी गाठ शिक्षेपोटी पडली. एका बैठकीत मी प्राचार्यांना आडवं बोलले आणि आठवड्याभरात आदेश आला : मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या व्यवस्थापक आणि प्रसिद्धी समितीच्या प्रमुख. संघाची प्रसिद्धी करण्यासारखं काही नव्हतं. तो दरवर्षी पहिल्याच सामन्यात हरून परत यायचा. समोरचा संघ झोन लावायचा, म्हणजे त्यांच्या पाच जणी एकेका खेळाडूमागे न धावता आपापला तुकडा राखत उभ्या राहायच्या, आणि आमच्या मुली त्या भिंतीबाहेर चेंडू इकडून तिकडे देत बसायच्या. वेळ संपायचा. मला त्यातलं काही कळत नव्हतं. शोभाताईंनी एसटीत मला समजावलं. "असं समजा, पाच बाया आपापल्या ओट्यावर बसल्या. गल्लीतून कोण गेलं, हे प्रत्येकीले दिसते. पण दोन ओट्यायच्या बरोबर मधात जाऊन उभं राह्यलं, का दोघीयले वाटते, दुसरी पाहून घेईन. तिथंच झोन फुटते." म्हणजे एकीनं पाचही जणींच्या मधोमध घुसायचं आणि चेंडू मागायचा. चेंडू तिथे पोचला की भिंत आत वळते, कोपरे मोकळे पडतात. "चेंडूले पाय नाहीत, पण तो तुमच्यापेक्षा जोरात पळते," हे त्या मुलींना दिवसातून दहादा सांगत.

अडचण अशी की मध्ये कोणी जायचीच नाही. खेडोपाड्यांतून येणाऱ्या या मुलींना लहानपणापासून एकच शिकवलं होतं : बाजूनं चाल. मैदानावरही त्या कडेकडेनं धावत. कुणाचा धक्का लागला की धक्का खाणारीच "सॉरी ताई" म्हणे. शोभाताईंनी यावर शोधलेला उपाय कुठल्याही प्रशिक्षणाच्या पुस्तकात सापडणार नाही. त्यांनी पाच मुलींना आठवडी बाजारात नेलं. भर रस्त्यात मधोमध पाच मिनिटं उभं राहायचं, सरकायचं नाही, खाली पाहायचं नाही. पहिल्या चौघी मिनिटभरात भाजीच्या पालाआड गेल्या. पाचवी रूपाली, अमडापूरची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची. तिच्या अंगावर हातगाडी आली.

"ए पोरी, बाजूले हो नं वं!"

"तुम्हीच जा नं काका बाजूनं. जागा हाय ना."

गाडीवाला बडबडत बाजूनं गेला. शोभाताई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला म्हणाल्या, "प्राध्यापिकाबाई, आपला झोन फुटला."

आणि खरंच फुटला. त्या हिवाळ्यात अकोल्याच्या संघानं नेहमीप्रमाणे भिंत उभी केली आणि रूपाली तिच्या मधोमध जाऊन दोन्ही हात वर करून उभी राहिली. चेंडू आला. दोघी तिच्यावर धावल्या, तिनं न पाहताच कोपऱ्यात दिला. पुन्हा आला, या वेळी कोणी धावलं नाही, तिनं वळून सरळ बास्केटमध्ये टाकला. आमच्या मुलींनी सामना जिंकला, आणि जिंकल्यावर काय करायचं असतं हे माहीत नसल्यानं त्या रडल्या.

शोभाताईंचा एक नियम होता. वर्तमानपत्राला फक्त संघाचा फोटो द्यायचा, ट्रॅकसूटमधला, रांगेत उभ्या मुलींचा. खेळतानाचा द्यायचा नाही. मला तो नियम बुरसटलेला वाटायचा. मी चार पुस्तकं वाचलेली बाई. रूपालीचा हात उंचावलेला, अर्ध्या चड्डीतला फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता आणि तो सुंदर होता. मी कोणाला न विचारता तो बातमीदाराला पाठवला. वर एक चटकदार ओळही लिहून दिली. दुसऱ्या दिवशी तो चार कॉलम छापून आला.

आठवडाभर रूपाली आली नाही. आम्ही दोघी अमडापूरला गेलो. तिच्या वडिलांची भाजीची शेती, माणूस सज्जन. त्यांनी चहा दिला, आवाज चढवला नाही. शोभाताई म्हणाल्या, "भाऊ, पूर्ण पँट घालून खेळन ती. परीक्षा तरी देऊ द्या."

"मॅडम, तुमच्यावर भरोसा होता म्हणून पाठवत होतो. आता पाहुण्यायनं पाह्यलं, गावानं पाह्यलं. तिच्या मामानं स्थळ आणलं हाय. मी काय सांगू त्यायले?"

रूपाली आतल्या दारात उभी होती, चौकटीला टेकून, अगदी कडेला. मी कपातल्या चहाकडे बघत राहिले. परतीच्या एसटीत शोभाताईंनी विचारलं, "फोटो कोणं देला असन हो?"

मी म्हणाले, "प्राचार्यांकडून गेला असेल."

"हाव," एवढंच म्हणून त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या. त्यांना कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. पुढची सहा वर्षं आम्ही रोज एकत्र डबा खाल्ला, त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही, आणि मी… मीही नाही. रूपालीचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. परीक्षा राहिलीच.

आता जिमखान्याचा तात्पुरता कार्यभार माझ्याकडे आहे, म्हणजे किल्ली. खोलीला रबराचा आणि मलमाचा वास आहे. खुर्चीच्या पाठीवर त्यांचा टॉवेल तसाच वाळलाय. तो काढायला हात होत नाही. परवा दुपारी तिथेच बसून मी रूपालीचा नंबर मिळवला. ती मेहकरकडे असते. शोभाताई गेल्याचं सांगितलं. ती रडली. मग मी फोटोचंही सांगितलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी लहान मूल काही मागत होतं.

"शोभा मॅडमले सांगतलं होतं का तुम्ही?" तिनं विचारलं.

"नाही."

"मंग मले काऊन सांगून राह्यल्या?"

तिनं फोन ठेवला नाही. ती थांबली होती. दाराशी मुली येऊन चेंडू मागत होत्या, आणि मी फोन कानाला लावून त्या खुर्चीत तशीच बसून होते.