बाबांच्या मशीनचा सायलेन्सर

मित्रांनो, बाबा गेल्यापासून त्यांची झाडं कापायची मशीन बंदच होती. आज अंगणात पडलेली बाभूळ तोडायला काढली, तर जाड खोडात ती सारखी बंद पडायला लागली.

शेवटी धूर मोकळा जाऊन इंजिनाचा जोर वाढावा म्हणून सायलेन्सर खोलून धूर जायचं भोक मोठं केलं. बाबांची वस्तू आपल्या हातून बिघडली तर? तरी मशीन सुरू करायची दोरी ओढली.

मशीन अशी गरजली, की शेजारच्या काकू ओरडल्या, "काऊन रे, हवेतलं इमान अंगणात उतरवून राह्यला का?" पण खोड झपाट्यानं कापलं गेलं.

आई बाहेर आली आणि चक्क हसली. "तुह्या बाबाले बी हेच करायचं होतं. आवाजापायी मीच करू देत नव्हती."

"पहिल्यासारखं करू का?"

"राहू दे. घर लई शांत झालं."

तुमच्या आईनं कधी आवाज वाढवायला परवानगी दिली आहे का?