झाड होणारी पोरगी आणि गप्प बसलेला पेंटर

पोलीस खात्यात उभी हयात गेली. खून पाहिले, दरोडे पाहिले, मंत्र्यांचे बंदोबस्त केले. पण कोल्हापुरात घरगुती गणपतींचं विसर्जन होऊन मंडळांचे देखावे खुले व्हायची वेळ आली, की या सगळ्यांतलं काहीच मनात येत नाही. आठवतं ते एक चित्र. त्या चित्राच्या चोरीवरून ठाण्यात आम्ही पुढे कित्येक दिवस हसत होतो. मात्र त्या दिवशी एका माणसाची अब्रू पणाला लागली होती आणि त्याला हसू येण्याचं काही कारण नव्हतं.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या गल्लीतले एक गुळाचे व्यापारी तक्रार घेऊन आले. त्यांना सगळे अण्णा म्हणत. गल्लीच्या मंडळाचे ते मार्गदर्शक, म्हणजे काम कमी आणि सूचना जास्त. त्यांच्या दिवाणखान्यात आजोबांच्या काळापासून एक विलायती चित्र होतं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं. गणपतीची आरास त्याच भिंतीसमोर केली होती. विसर्जनानंतर आरास काढली, तर मागे नुसता खिळा.

"चित्रात काय होतं?" मी विचारलं.

"पोरगी हाय. तिचं झाड व्हायला लागलंय."

माझे हवालदार तक्रार लिहून घेत होते. त्यांनी पेन थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

अण्णांनी गोष्ट सांगितली. ग्रीक लोकांच्या पुराणातली कथा. एक देव एका पोरीच्या मागे लागतो. ती पळते, पण देवापुढे किती पळणार? शेवटी ती बापाला हाक मारते. बाप नदीचा देव. तो लेकीचं झाड करून टाकतो. चित्रात नेमका तोच क्षण आहे. बोटांना पानं फुटलीत, पायांना मुळं.

"अंगावर कपडे?" हवालदारांनी कर्तव्यबुद्धीनं विचारलं.

"बेताचे," अण्णा म्हणाले. तक्रारीत तसंच लिहिलं गेलं: स्त्री, अर्धी झाड, वस्त्रे बेताची.

अण्णांचा संशय पेंटरवर होता. गणपतीच्या आधी घराला रंग द्यायला तो आला होता. तो खालच्या गल्लीतला. दोन गल्ल्यांमध्ये रस्ता एकच, पण वैर पिढीजात. देखाव्यात पहिला नंबर कुणाचा, यावरून तिथे सोयरिकी मोडल्या होत्या. तक्रार नोंदवायच्या आधीच अण्णांनी 'पेंटर चोर आहे' असं चौकात उभं राहून सांगून टाकलं होतं. हवालदारांनी जोरात मान डोलावली. तेही वरच्या गल्लीचेच, शिवाय मंडळाचे जुने कार्यकर्ते.

मी अर्ज चौकशीला घेतला. समोरच्या किराणा दुकानाच्या कॅमेऱ्यात पेंटर सापडला. काखेत काहीतरी चौकोनी, चपटं घेऊन तो अण्णांच्या दारातून बाहेर पडत होता. हवालदारांच्या दृष्टीनं तपास तिथेच संपला. मला मात्र एक गोष्ट खटकली. ते चित्र स्वच्छ, घडीच्या चादरीत गुंडाळलेलं होतं आणि त्याला व्यवस्थित नाडी बांधली होती. चोर माल पोत्यात कोंबतो. इस्त्रीच्या चादरीत कोणी चोरी बांधून नेत नाही.

पेंटरला बोलावून घेतलं. काटकुळा माणूस, नखांत हिरवा रंग. त्याची बायकोही मागोमाग आली आणि बाकावर बसून राहिली. तिनं एकच सांगितलं. "सायेब, ह्यांस्नी लोक घरात घेत्यात ते इश्वासावर. चोर म्हनून शिक्का बसला की उद्यापास्नं कोन दार उघडनार हाय?" तिचं खरं होतं. रंगाऱ्याच्या हाती लोक अख्खं घर सोपवतात.

मी चौकशी सुरू केली. "चित्र तू नेलंस?"

"व्हय."

"चोरलंस?"

"न्हाय की."

"मग कुठाय?"

गप्प.

"कशाला नेलंस?"

गप्प. दरडावून झालं, समजावून झालं, चहा पाजून झाला. गुन्हा नोंदवून कोठडीत टाकीन म्हणालो, तर म्हणतो, "टाका सायेब. परवा सगळं सांगतो."

"परवा का?"

गप्प.

"सायेब, मला जरा परवानगी द्या," हवालदार बाह्या सारत म्हणाले. "लगेच पोपटावानी बोलतंय बघा."

मी त्यांना खाली बसवलं. तेवढ्यात एक बाब माझ्या ध्यानात आली. प्रश्न मी विचारत होतो, पण पेंटर प्रत्येक वेळी आधी पाहायचा तो हवालदारांकडे. मार खायची भीती असलेला माणूस हाताकडे बघतो. हा त्यांच्या कानाकडे बघत होता.

मी हवालदारांना मंडपांच्या परवान्यांची फाईल आणायला पाठवलं आणि दार लावून घेतलं. पेंटर खुर्चीत पुढे सरकला.

"सायेब, हवालदार वरच्या गल्लीचं हायत. त्यांच्यासमोर कसं सांगू? उद्या संध्याकाळी आमचा देखावा खुला व्हनार हाय. आज फुटलं तर सगळी मेहनत पाण्यात!"

माणूस कोठडीत जायला तयार होता, पण देखावा फोडायला तयार नव्हता! इतकी वर्षं मी आरोपींना टोळीच्या भीतीनं गप्प बसलेलं पाहिलं होतं. मंडळाच्या पडद्यासाठी गप्प बसणारा पहिलाच.

साध्या कपड्यांत मी त्याच्या मागून खालच्या गल्लीच्या मंडपात गेलो. कार्यकर्त्यांनी पोलीस म्हणून मला नमस्कार केला आणि गल्ली कोणती ते विचारून घेतलं. मी बाहेरचा, कागलचा निघालो म्हणून आत सोडलं.

पडद्यामागे ती उभी होती. माणसाच्या उंचीची, चित्रातलीच पोरगी, फक्त मंडळानं तिला नऊवारी नेसवली होती. पेंटरनं बटण दाबलं. मोटर घरघरली, तिचे हात वर गेले, बोटांतून एकेक पान उलगडलं, खोडाची साल कमरेपर्यंत चढली. मागच्या देवाला त्यांनी हातात करवत देऊन लाकूडतोड्या केला होता. वर पाटी: झाड म्हणजे आपली लेक. मी खात्याचा माणूस, पण अंगावर काटा आला. मूळ चित्र बाजूला त्याच चादरीत नीट ठेवलेलं होतं.

"हे तुला दिलं कुणी?"

"ते मातूर परवा पन न्हाय सांगनार," पेंटर म्हणाला.

आता पंचाईत झाली. जप्तीचा पंचनामा करायचा तर पंच लागणार, आणि पंच त्रयस्थ हवेत. त्या भागात त्रयस्थ म्हणजे वरच्या गल्लीचा, आणि त्याला बोलावलं की देखावा फुटलाच. मी तूर्त पंचनामा बाजूला ठेवला आणि पुरवणी जबाबाच्या निमित्तानं अण्णांच्या घरी गेलो. चादर त्या घरचीच असणार, एवढा माझा अंदाज होता.

अण्णांच्या पत्नी, आक्का, चहा घेऊन आल्या. शांत बाई. पण आज चहा देऊन त्या आत गेल्या नाहीत.

"पेंटर काय बोलला?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. गुन्हा दाखल करावा लागेल. आज कोठडीत बसेल."

आक्कांचा चेहरा उतरला. "आनि मग उद्याचा देखावा कोन चालू करनार? मोटर त्याच्याबिगर कुनाला जमत न्हाय!"

अण्णांनी बशी खाली ठेवली. "कसला देखावा?"

मी चहा पिण्यात लक्ष घातलं.

आक्कांनी पदर सावरला आणि सरळ सांगितलं. "चित्र मी दिलंय. खालच्या गल्लीला. माझं म्हायेर हाय ते."

अण्णा ताडकन उठले. मला वाटलं, चोरीचा राग. कसलं काय! "अगं, द्यायचंच हुतं तर आपल्या मंडळाला का न्हाय दिलंस?"

"तुमच्या मंडळाला दरसाल राजवाडा लागतोय. आनि मला विचारलंय कवा कुनी? लग्न झाल्यापास्नं ते चित्र मी पुसत्या. येईल त्या पावण्याला तुमी त्या देवाची गोष्ट सांगताय, किती पळाला, कसा पळाला. कोपऱ्यात घागर घेऊन बसलेला तिचा बाप तुमाला दिसला का कधी? पायाला मुळं फुटली तरी पोरगी बापाकडंच बघतीया."

अण्णांनी रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "अण्णा, अर्ज मागे घेता येईल. पण पेंटरला चोर तुम्ही चौकात म्हणालात. ते ठाण्यात बसून मागे घेता यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा रस्ता ओलांडून खालच्या गल्लीच्या मंडपात शिरले. तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. दोन्ही गल्ल्या श्वास रोखून उभ्या होत्या. आमचे हवालदार बंदोबस्ताला होते आणि रागानं पाठ फिरवून उभे होते. अण्णांनी माईक घेतला. "हा मानूस चोर न्हाय. चित्र आमच्या घरातनंच दिलं हुतं. माझं चुकलं," असं म्हणून त्यांनी पेंटरच्या डोक्यावर स्वतःच्या हातानं फेटा बांधला. पेंटरची बायको गर्दीत उभी राहून डोळे पुसत होती. पडदा उघडला, पानं फुटली आणि शिट्ट्यांनी मंडप हादरला. हवालदारांनीही हळूच मान वळवली.

या प्रकरणानं मला शिकवलं ते असं: माणूस गप्प बसला म्हणून गुन्हेगार ठरवण्याची घाई करू नये. खोलीत आणखी कोण बसलंय, ते आधी बघावं. पुढच्या नोकरीत याचा फार उपयोग झाला. घरात तर त्याहून जास्त.

चित्र पुन्हा त्याच खिळ्यावर गेलं. निवृत्तीनंतर एकदा अण्णांकडे चहाला गेलो होतो. सोबत माझे एक पाहुणे होते. त्यांनी चित्राकडे बोट करून विचारलं, हे काय आहे? अण्णांनी खाकरून घसा साफ केला, तोंड उघडलं, आणि थांबले. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, भाईर ये. ह्यांस्नी गोष्ट ऐकायची हाय."

आक्का हात पुसत आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि सुरुवात केली, "एक बाप हुता, नदीचा देव. त्याला एक लेक हुती."