करंड्यातली पिन

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, मुलाला नाही, देवालाही नाही — देवासमोर तर उलट खोटंच बोलले. आज तुम्हाला सांगतेय म्हणून हुरळून जाऊ नका. तुम्ही माझ्या नात्यातले नाही, एवढंच तुमचं भाग्य.

डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सध्या माझी नात इरा एक जुनी मोटरसायकल उघडून बसलीय. पोरगी पंचवीसची घोडी. घरूनच नोकरी करते, आणि मीटिंग संपली की खाली. गंजलेले बोल्ट डिझेलमध्ये भिजत टाकते, टाकीचे पोचे काढून आणलेत, हँडल रुंद बसवणार म्हणते, रंग काळा — तोही चकाकी नसलेला. गाडी तिच्या आजोबांची. अठ्ठेचाळीस वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. का उभी होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे — ठाऊक आहे असं त्यांना वाटतं.

ह्यांनीही ती अशीच उघडली होती. भंगारातून आणली आणि आमच्या गॅलरीत नऊ महिने मांडून ठेवली. इंजिन वर्तमानपत्रावर, चाकं कपाटामागे, आणि नट-बोल्ट माझ्या आमटीच्या वाट्यांमध्ये. ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने वाट्या. प्रत्येक वाटीवर कागदाची चिठ्ठी. आणि आम्हाला आमटी ताटात.

मी तेव्हा सव्वीसची. काय तो तोरा! आरशात बघून स्वतःवरच खूश. नवऱ्याने कौतुकाने बघावं तर माझ्याकडे — आणि हा बाबा एका नटाला तासभर पुसत बसतो? मग मी खोडी काढली. रोज एखादी वाटी लपवायची. हे काळेकुट्ट हात घेऊन स्वयंपाकघरात यायचे, म्हणायचे, "सुमे, दे." मी विचारायचे, "काय देऊ?" मग "राणीसरकार, कृपा करा" असं म्हटल्याशिवाय वाटी मिळायची नाही. हसायचे ते. त्या नऊ महिन्यांतलं आमचं निम्मं बोलणं तेच. आणि खरं सांगू? गोड होतं.

इथे थांबता आलं असतं. आत्ता लिहितानाही वाटतंय, इथेच थांबावं —

दसऱ्याला गाडी बाहेर काढायची ठरली. आदल्या संध्याकाळी माझे धाकटे दीर आले, शरदभाऊजी. ठाकुर्लीला राहायचे, कारखान्यात फिटर होते, लग्न ठरलेलं. पहिली फेरी त्यांची, असा शब्द थोरल्याने दिला होता. चहा देताना मी सहज विचारलं, ब्रेक नीट लागतो ना? तर हे भावाकडे बघून म्हणाले, "हिला काय कळतंय त्यातलं? ही वाट्या धुवायला बरी." दोघं हसले.

एवढंच. एवढ्यासाठी? हो, एवढ्यासाठी.

सकाळी मी एक पिन उचलली. केसांत खोवायच्या आकड्यासारखी, दोन पायांची, त्याहून लहान. ब्रेकची सळई जिथे जोडतात तिथली खीळ निसटू नये म्हणून ती लागते — हे मला इराने परवा समजावलं. तेव्हा मला कळत नव्हतं असं म्हणू का? पण वाटीवर ह्यांच्या अक्षरात चिठ्ठी होती : ब्रेक. आणि वाचता मला येत होतं.

पिन मी हळदीकुंकवाच्या करंड्यात लपवली. कुंकवाच्या खाली, बोटाने दाबून.

हे आले. "सुमे, दे."

"मी नाही घेतली."

"थट्टा नको गं आज. ब्रेकची आहे."

"देवाशपथ, नाही घेतली."

देवघरासमोरच उभी होते. माझ्या तोंडाकडे ते क्षणभर बघत राहिले. राणीसरकार म्हणाले नाहीत. सण म्हणून दुकानं बंद, मुहूर्ताची घाई, भाऊजी खाली गाडीपाशी उतावीळ. ह्यांनी तारेचा तुकडा वाकवून त्या जागी अडकवला. म्हणाले, "आजच्यापुरती चालेल."

मग पूजा. गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढायची तर तिला कुंकू लावायचं, चाकाखाली लिंबू ठेवायचं, घरच्या सवाशिणीने ओवाळायचं. सवाशीण मीच. करंडा घेऊन मी खाली गेले. कुंकवात बोट घातलं आणि बोटाला पिन लागली. गाडीच्या दिव्यावर स्वस्तिक काढलं. दुसऱ्यांदा बोट घातलं, परत लागली. भाऊजी म्हणाले, "वहिनी, गाडीचे एवढे लाड, आणि मला टिळा नाही?" तिसऱ्यांदा बोट घातलं. त्याच बोटाने त्यांच्या कपाळाला टिळा लावला.

तेव्हा माझ्या मनात काय होतं? हसू होतं. परत आले की करंड्यातून पिन काढून दाखवीन, ह्यांचं तोंड बघण्यासारखं होईल. हे होतं मनात. दुसरं काहीही नव्हतं.

मानपाडा रस्त्यावर तार तुटली. खीळ पडली, मागचा ब्रेक गेला. पुढचा त्या जुन्या गाड्यांना नावापुरताच. वळणावर एक टँकर उभा होता.

भाऊजी वाचले. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. नोकरी गेली. मुलीकडच्यांनी लग्न मोडलं.

हॉस्पिटलच्या जिन्यात सासूबाईंनी ह्यांना सगळ्यांदेखत विचारलं, काय केलंस रे? हे म्हणाले, "पिन नव्हती. तार लावली. माझा आळस." मी शेजारी उभी होते, हातात चहाचा थर्मास. बोलले नाही. चौथ्या दिवशी घरी करंडा उघडला, पिन कुठेतरी फेकून द्यावी म्हणून. कुंकू सगळं ताटात ओतलं. पिन नव्हती. पूजेच्या धावपळीत पडली असेल, असं ठरवून टाकलं. ठरवायला कितीसा वेळ लागतो?

ह्यांनी पुन्हा हत्याराला हात लावला नाही. घरातला साधा खिळा ठोकायला माणूस बोलवायचे, आणि मी — मीच! — चारचौघांत म्हणायचे, "ह्यांच्या हातांचा भरवसा नाही हो." लोक हसायचे. विनोदी बाई म्हणून माझा लौकिक आहे.

भाऊजी कल्याणला राहायला गेले. आमच्या उंबऱ्यात पाय ठेवला नाही. तीन वर्षांपूर्वी हे गेले तेव्हा आले, फाटकापाशी उभे राहिले, आत नाही. मी बाहेर गेले. म्हणाले, "वहिनी, माणूस वाईट नव्हता दादा. पण एका पिनेचा आळस केला त्याने." मी मान हलवली. हो म्हणून.

आता परवाची गोष्ट. इराने सीट काढली. खाली हत्यारांची पेटी, पेटीत फडक्याची पुरचुंडी. ती वर धावत आली. "आजी, बघ! पिन होती की आजोबांकडे! मग तार कशाला लावली?"

तिच्या तळहातावर पिन. ग्रीस माखलेली, आणि ग्रीसमध्ये लाल कण.

म्हणजे करंडा त्यांनी माझ्याआधी उघडला होता. कधी — हॉस्पिटलमधून आलेल्या पहिल्या दिवशी? जिन्यातल्या त्या उत्तराच्या आधी की नंतर? पंचेचाळीस वर्षं माझ्यासमोर बसून जेवले. माझ्या हातांचा भरवसा नाही, असं एकदाही म्हणाले नाहीत.

"किती गंज चढलाय," इरा म्हणाली. "आजोबा पण ना! हाताशी असून लावली नाही. केवढे आळशी होते गं?"

मी म्हणाले, "होतेच तसे."

तिने फोटो काढून कल्याणला काकाआजोबांना पाठवला. त्यांचं उत्तर तिने मला वाचून दाखवलं : म्हणजे होती त्याच्याकडे.

मी ऐकलं आणि भाजी चिरत राहिले.

पिन आता खिडकीत माझ्या आमटीच्या वाटीत पडलीय. इरा ती रॉकेलने धुणार आहे. गंज रॉकेलने सैल होतो म्हणाली. तो गंज नाही. कुंकू आहे, आणि करंडा माझा.