फाय सिग्मा टाऊचा अर्थ

दत्ता गेल्याचा वहिनींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. फोन ठेवला आणि उरलेली दाढी पुरी केली... माणूस किती कोडगा असतो पाहा. आता महिना झाला. कशातच जीव लागत नाही.

कॉलेजात असताना आम्ही दोघं करमाडचे, उस्मानपुऱ्यात एका खोलीत राहायचो. दत्तानं कुठल्याशा मासिकात वाचलं की अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या मंडळांना ग्रीक अक्षरांची नावं असतात. त्या अक्षरांमागं एक ब्रीद असतं आणि ते सभासदांशिवाय कुणाला सांगत नाहीत. झालं, गड्याच्या डोक्यात भरलं. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातून फाय, सिग्मा, टाऊ उचलून त्यानं दारावर तेलरंगानं काढले. घरमालकानं करणी समजून वर लिंबू-मिरची टांगली. "अरे, पण ग्रीक कुणाच्या बापाला येतं?" मी म्हणालो. "अक्षरं त्यांची, अर्थ आपला," तो म्हणाला. अर्थ त्यानंच ठरवला: हाक आली की निघायचं, कशाला ते विचारायचं नाय. आणि हे बायकोलाही सांगायचं नाही. पुढं घर बांधलं तेव्हा चौकटीवरही त्यानं तीच अक्षरं कोरून घेतली.

मला तो पोरखेळ वाटायचा. त्याला नाही. माझी जालन्याला बदली झाली होती, एकदा लई एकटं वाटलं म्हणून त्याला नुसतं 'ये' म्हणालो. शाळेतून परस्पर आला, बगलेत तपासायचे पेपर घेऊन. दुपारभर माझ्याशेजारी बसून ते तपासले, चहा घेतला आणि गेला. एका शब्दानं काही विचारलं नाही.

जाण्याच्या चार दिवस आधी त्याचा फोन आला. "येतो का?" "का रे, काही खास?" मी विचारलं. विचारलंच... "नाय, असंच." रविवारी येतो म्हणालो. काम काही नव्हतं. ऊन होतं, कंटाळा आला होता, बस्स. रविवारच्या आतच तो गेला.

परवा भेटायला गेलो. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, चौकटीवरच्या अक्षरांचा अर्थ आता तरी सांगा. यांनी कायम हसण्यावारी नेलं." सांगितलं तर माझंच पाप उघडं पडणार होतं. पण खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. मान खाली घालून सांगून टाकलं.

त्यांनी वर चौकटीकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "व्हय... म्हणून. त्या दिवशी फोन मीच लावून दिला होता. तुमचं बोलणं झालं अन् यांनी इस्त्रीचा शर्ट मागितला, व्हरांड्यात जाऊन बसले. म्हटलं, भाऊजी रविवारी येणार ना? तर म्हणाले, 'नाय, तो आजच येतो बघ.' अंधार पडेस्तोवर आत आले नाहीत."