उघडीपमावशी

गल्लीत कुणाला गादी उन्हात टाकायची असो, भिंतीला रंग काढायचा असो, की नुसतं बाजारापर्यंत जाऊन यायचं असो, पावसाळ्यात आधी मावशीचं दार वाजवायचं अशी रीतच पडून गेली होती. मावशी हातातलं कापड पिळून बादलीत टाकायची, कमरेच्या फडक्याला हात पुसत मागच्या अंगणात जायची, मान वर करून आभाळ न्याहाळायची आणि परत येऊन एकच शब्द टाकायची, "उघडीप." नाहीतर नुसतंच "छे." उघडीप म्हटली की गल्ली डोळे मिटून गाद्या बाहेर काढायची. म्हणून तिचं नावच पडलं उघडीपमावशी. खरं नाव रेशनकार्डावर होतं, पण ते हाक मारायच्या कामाचं राहिलं नव्हतं.

मावशीचं काम कपडे धुण्याचं. अंगणभर दोऱ्या, दोऱ्यांना मधून उचलून धरणारे बांबूचे टेकू, कोपऱ्यात दगडी हौद. गिऱ्हाईकं पुष्कळ आली नि गेली, पण बाळंतपणाच्या दवाखान्याचं काम मात्र पहिल्यापासून तिच्याकडेच. दुपटी, झबली, लंगोट, सगळं गठ्ठ्यानं यायचं आणि कडक वाळून, घडी होऊन परत जायचं. याबाबतीत ती भारी हट्टी होती. मोठ्या माणसाची चादर जरा दमट गेली तर तो कुरकुरेल नि झोपेल, पण काल जन्मलेल्या जिवाच्या अंगाला ओल लागता कामा नये, असं तिचं म्हणणं. तिच्या भाचीची दुपटीही याच दोरीवर वाळली होती. बहीण गेल्यावर ती भाची मावशीकडेच वाढली. तोंड म्हणून मिटायचं नाही, म्हणून तिला सगळे टकळी म्हणत.

आता गंमत अशी, की मावशी आभाळाकडे बघायची ती निव्वळ मान मोकळी करायला. दिवसभर हौदावर वाकून मान आखडते, दुसरं काय! खरं बघायची ती कुंपणाच्या भिंतीपलीकडे. तिथे एक तळं होतं, तळं कसलं, मोठंसं डबकंच, भोवती लव्हाळ्यांचं रान. पाऊस थांबला नि काचेसारख्या पंखांचे चतुर किडे लव्हाळ्यांना चिकटूनच बसले, तर ते ऊन नुसतं तोंड दाखवायला आलेलं. पण भिंत ओलांडून दोऱ्यांवर घिरट्या घालायला लागले, की खरी उघडीप. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. लोक तिला जाणकार समजत होते आणि त्यात तिचं काही बिघडत नव्हतं.

अलीकडे पावसानंही चाली बदलल्या होत्या. पूर्वी तो येऊन-जाऊन असायचा, शेजाऱ्यासारखा. आता आला की ठाण मांडतो आणि गेला की दिवसच्या दिवस फिरकत नाही. टकळीनं शाळेतल्या निसर्ग मंडळासाठी बाटली कापून भिंतीवर ठेवली होती, त्यात पाणी मोजायची. पाऊस तेवढाच पडतो पण थोड्या दिवसांत कोसळून मोकळा होतो, हा तिचा शोध. मावशी म्हणाली, हे सांगायला बाटली कशाला, माझी कंबर सांगते. पण त्याच दिवशी तिनं बाटलीत पडलेलं पान हळूच काढून टाकलं. उघड्या दिवसांचा नेम राहिला नाही, तसे भिंतीपलीकडचे चतुर तिला जास्तच लागायला लागले.

यंदाच्या उन्हाळ्यात टकळीच्या मंडळानं तळं साफ करायला घेतलं. पोरांनी कंबर कसली. पिशव्या, बाटल्या, चपला, एक मोडका पंखा, काय काय निघालं. सुकून पिवळी पडलेली लव्हाळीही कचऱ्यासारखीच दिसत होती, तीही कापली. विळा कुणाकडे असणार? मावशीकडे. तिनं धार लावून दिला, वर सगळ्यांना गार सरबत पाजलं. शेवटी काठाला पांढरे रंगवलेले दगड लावले, फोटो काढला आणि तळं कसं आरशासारखं झालं म्हणून गल्लीनं पाठ थोपटली. मावशीला टकळीचा केवढा अभिमान वाटला.

पावसाळा लागला आणि चतुर आलेच नाहीत.

मावशीनं पहिले काही दिवस वाट पाहिली. मग खरोखरच आभाळाकडे बघून अंदाज बांधायची वेळ तिच्यावर आली. तिनं उघडीप म्हटलं, गल्लीनं गाद्या काढल्या आणि दुपारी असा पाऊस आला की गाद्या उचलेपर्यंत चिंब. दुसऱ्यांदाही तेच. कुणी रागावलं नाही. समोरचा शिंपी हसत म्हणाला, मावशी, आता तुम्ही छे म्हणा, म्हणजे आम्ही कपडे टाकतो. सगळे हसले, मावशीही हसली, आणि आत येऊन हौदाच्या कडेवर बसून राहिली. शिव्या परवडल्या असत्या.

पण खरी पंचाईत दवाखान्याची होती. दुपटी घरात पंख्याखाली वाळेनात, त्यांना कुबट वास यायला लागला. दोनदा तिनं सगळा गठ्ठा पुन्हा धुतला, पण दमट पाठवला नाही. तिकडे दवाखान्यात दुपटी कमी पडायला लागली. मोठी सिस्टर स्वतः येऊन म्हणाली, सावकाश द्या, आम्ही सांभाळून घेऊ. हे सांभाळून घेणंच मावशीला नको होतं. तिनं मनाशी ठरवलं, आता हे काम कपडे धुण्याच्या मशीनवाल्याकडे जाऊ दे. ज्या हाताला उघडीप कळत नाही त्यानं बाळांचे कपडे धुवू नयेत.

शाळेतून टकळी आली तेव्हा अंगणातल्या दोऱ्या उतरवलेल्या होत्या. मावशी बांबूचे टेकू उपटून भिंतीशी लावत होती. टकळीनं विचारलं, हे काय चाललंय, आणि उत्तराची वाट न बघता पुढचे चार प्रश्न विचारले. मावशीनं हातातला टेकू भिंतीशी लावला. शेवटी तिनं भिंतीपलीकडे बोट दाखवलं आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट सांगून टाकली, मान मोकळी करण्यापासून घिरट्यांपर्यंत सगळी.

टकळीनं तोंड भिंतीकडे वळवलं. मावशीला आधी वाटलं, पोरीला गंमत वाटत असेल. मग पाहिलं तर तिचे डोळे भरून आले होते.

"चतुराचं पिल्लू पाण्यात असतं मावशी," ती म्हणाली. "मोठं झालं की दांडीवर चढून बाहेर येतं, कात टाकतं, तेव्हा पंख फुटतात. लव्हाळ्यांच्या दांडीवर. पुस्तकात होतं. मी वाचलं होतं, आणि तरी कापली."

"विळा माझा होता," मावशी म्हणाली. "धारही मीच लावली. रडायचं असेल तर दोघी मिळून रडू, एकटीनं नाही."

टकळीला रडता रडता हसू आलं. नाक पुसून ती सांगायला लागली, की मुळं अजून चिखलात आहेत, लव्हाळी पुन्हा येतील, पण वेळ लागेल. पाण्यात काही पिल्लं असतीलही, पण तोवर ती चढणार कशावर? मावशीनं ऐकलं आणि भिंतीशी उभ्या केलेल्या टेकूंकडे पाहिलं. त्यांच्या आधारानं दोऱ्यांनी गल्लीतल्या किती पिढ्यांची झबली उचलून धरली होती.

"बांबूवर चढतात का गं?"

टकळीला ठाऊक नव्हतं. पुस्तकात ते नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मंडळाची सगळी फौज पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून तळ्यात उतरली. मावशी काठावरून हुकूम सोडत होती, तिरका नको, खोल रोव, तुझ्या अंगात जोर आहे की नुसतीच हवा. सगळे टेकू काठाकाठानं पाण्यात उभे राहिले. पांढरे दगड पोरांनी स्वतःच उचलले, कारण त्यांच्याखाली कोंब दबत होते. एकानं पुठ्ठ्यावर लिहून पाटी लावली, 'हे गवत कचरा नाही. प्लास्टिक कचरा आहे.' शिंप्यानं विचारलं, एवढं चकचकीत केलेलं तळं पुन्हा का बिघडवताय? टकळीनं त्याला जे धरलं, ते चतुराच्या अंड्यापासून पंखांपर्यंत ऐकवूनच सोडलं. शिंपी नंतर म्हणाला, मला फक्त हो म्हणायचं होतं, पण पोरगी जागाच देईना.

मावशीनं मशीनवाल्याला निरोप पाठवला नाही. काम सोडणार नाही, असंही म्हणाली नाही. रोज सकाळी भिंतीवरून डोकवायची आणि रिकाम्या अंगणात परत यायची. लव्हाळ्यांचे कोंब दिसायला लागले होते, पण कोंबांवर दुपटी वाळत नाहीत. सिस्टर महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होती.

मग एका सकाळी टकळी तिला ओढतच तळ्यावर घेऊन गेली. बांबूच्या टेकूवर, पाण्याच्या जरा वर, मातकट रंगाची एक पोकळ कात चिकटलेली होती, पाठीवर उभी फाटलेली. शेजारच्या टेकूवर आणखी एक. मावशीनं बोट पुढं केलं, पण हात लावला नाही. बाळाच्या पायातून निसटून पडलेल्या मोज्यासारखी ती होती, आणि आत कुणी नव्हतं. मावशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ती म्हणाली, ऊन लागलं डोळ्यांत. ऊन कुठेच नव्हतं.

त्यानंतर पावसानं पुन्हा ठाण मांडलं. दवाखान्याचा गठ्ठा धुऊन, पिळून बादल्यांमध्ये पडून होता. सकाळी पावसानं दम घेतला तेव्हा शिंपी दारात आला आणि या वेळी थट्टा न करता त्यानं विचारलं, मावशी, काय वाटतं?

मावशी जागची हलली नाही. आभाळाकडेही पाहिलं नाही. तिनं टकळीला म्हटलं, "जा, बघून ये."

टकळी भिंतीशी गेली आणि टाचा उंचावून उभी राहिली. बराच वेळ. इतका वेळ ती गप्प राहिलेली गल्लीनं पाहिली नव्हती. एक चतुर भिंतीवर आला, मागे फिरला, पुन्हा आला आणि जिथं आधी दोरी असायची त्या जागी घिरट्या घालू लागला. त्याच्यामागून दुसरा आला. टकळी वळली.

"उघडीप," ती म्हणाली.

मावशीनं भिंतीपलीकडे नजर टाकली नाही. दोरी काढली, एक टोक खुंटीला बांधलं, दुसरं खिडकीच्या गजाला. टेकू तळ्यात होते, त्यामुळे दोरी मधे खाली लोंबायला लागली. टकळीनं मधे उभं राहून ती दोन्ही हातांनी वर धरली. मावशीनं सगळ्यात लहान दुपटं झटकलं आणि दोरीवर टाकलं.

"हात दुखले तर सांग," ती म्हणाली. टकळीनं सांगितलं नाही.