हरणाबाईचा राखणदार

त्या साली जतच्या माळावर हरणाबाईचा जोंधळा असा भरला, की पाखरांनी पाहुण्यारावळ्यांनाही सांगावे धाडले असावेत. नवरा कृष्णात लढाईवर गेलेला. घरात गोफण फिरवायला दुसरं कुणी नाही. शेजारच्या रानाचे मालक आणि गावातल्या सगळ्या शहाणपणाचे मक्तेदार चुलतदीर आप्पासो बांधावर येऊन म्हणाले, "हरणे, बाईमाणसाच्यानं राखण व्हायची न्हाई. पाखरांनी पीक खाल्लं तर फुडच्या साली रान मी कसणार."

"खाल्लं तर रान कसा," हरणाबाई म्हणाली, "पर राखलं तर मळणीला तुमचे बैल येतील, भावजी."

"बैल काय, मीबी यीन!" आप्पासो हसत गेले.

हरणाबाईनं बुजगावणं उभं केलं. जित्या माणसाची कापडं बुजगावण्याला घालत नाहीत, म्हणून फाटकं घोंगडं आणि वर चुना फासलेलं मडकं. दुसऱ्या दिवशी चिमण्या मडक्यावर बसून न्याहारी करत होत्या. तिनं त्याचा हात सैल बांधला, वाऱ्यावर झुलेल असा. पाखरं जराशी बिचकली, आणि मग हातावरच बसून झोके घेऊ लागली.

हरणाबाई कपाळाला हात लावून बांधावर बसली. शेजारी तिची शेळी चंदी चरत होती. चरे, थांबे, मान वर करी आणि काहीतरी आठवल्यागत एकदम दोन पावलं टाकी. की चिमण्या भुर्र! हरणाबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वारा हलवतो ते सगळं एका चालीनं हलतं. जिवंत असतं ते आधी थांबतं, मनात काहीतरी आणतं आणि मग हलतं. पाखरं भितात ती त्या मनाला.

आता बुजगावण्याला मन कुठून आणायचं? तिनं चंदीचंच दिलं. बुजगावण्याच्या हाताला सुतळी बांधून ती त्याच्या खांद्यावरून घेऊन थेट शेळीच्या गळ्यात बांधली. चंदी पाल्याकडं सरकली की हात वर, मागं फिरली की खाली. पाखरं उठली ती आप्पासोंच्या रानात उतरली.

तिन्हीसांजेला आप्पासो तणतणत जाब विचारायला आले. बघतात तो जोंधळ्यात घोंगडं पांघरून कुणी उभं! त्यानं क्षणभर विचार केला आणि हात वर केला.

"कृष्णात? कवा आलास रं गड्या?"

हात खाली आला.

"रागावलास व्हय? आरं, रानाचं मी थट्टेनं म्हनलो!"

हात झटक्यात वर गेला.

"बरं बरं, हात नगं उगारूस! मळणीला बैल आणतो. मग तर झालं?"

"चंदे, व्हय म्हन गं," बांधाआडून हरणाबाईचा आवाज आला. चंदी "बें" करून ओरडली.

मळणीला आप्पासो मुकाट बैल घेऊन आले. "राखणदाराला रामराम घातलासा का?" खळ्यावरची माणसं विचारत होती आणि ते बैलांवर खेकसत होते. पहिलं सूप हरणाबाईनं रीतीनं देवापुढं ठेवलं. मग ओंजळभर जोंधळा घेऊन, सगळ्या गावादेखत ताठ मानेनं, ती चंदीपुढं गेली.

चंदीनं जरा विचार केला, आणि मग तोंड घातलं.